वाटाण्याच्या अंकुरापासून टेबलावरच्या स्कॅनरपर्यंत

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कुंडीसमोर कॅमेरा मांडला. ठरावीक वेळाने ते फितीवर एकेक चौकट टिपत गेले. दाणा रुजला, कोंब वर आला, वेल वाढू लागला. फीत धुऊन प्रोजेक्टरवर चढवली तेव्हा अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडताना दिसली. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फीत ओळखली जाते. चित्रपटासाठी पैसे देऊ शकणाऱ्यांची खात्री पटावी, एवढाच फाळक्यांचा हेतू होता. विज्ञान शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो वनस्पतिशास्त्राचा उत्तम दृश्य पाठ होता. आज ही फीत पाहायला मिळत नाही.

ती एकटीच गेली असे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले होते. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले रँग्लर र. पु. परांजपे १९०१ च्या डिसेंबरमध्ये मायदेशी परतले, त्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. एका गणितज्ञाच्या स्वागताला जमलेला समुदाय हा आपल्या देशातल्या पहिल्या वार्तापटांपैकी एकाचा विषय होता. ती चित्रेही आज नाहीत.

या फिती गेल्या कशा? ज्या अजून कुठे कुठे शिल्लक आहेत त्या वाचवण्यासाठी मोठ्या संस्थेबाहेरच्या माणसाला, एखाद्या शाळेला, काही करता येईल का? गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या हौशी मंडळींनी घरच्या टेबलावर मावणारे स्वस्त फिल्म स्कॅनर बनवले आहेत. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता 'हो' असे देता येते. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागेल.

हाताने घडवलेली यंत्रे

मराठी चित्रपटसृष्टीचा आरंभ कारागिरीतून झाला. फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्या काळी कच्ची फीत कडेची छिद्रे न पाडलेली अशी येई. छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांनी सोबत आणले. छिद्रे अंधारात पाडावी लागत, कारण उजेड लागला की फीत वाया जाई. हे काम रात्री घरातच चाले आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. फीत धुण्याच्या कामातही त्या होत्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्यामागे अशा कित्येक रात्री होत्या.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू याच वाटेने गेले. कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवून तो खोलला आणि त्याची रचना समजून घेतली. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा गाभा एकच आहे. फीत एक चौकट पुढे ओढायची, क्षणभर थांबवायची, झडप उघडायची आणि पुन्हा ओढायची. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात तो बाहेरून आत येतो. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा तयार झाला. याच मंडळींच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. आजचा घरगुती फिल्म स्कॅनर पुष्कळदा जुना प्रोजेक्टर खोलूनच बनवतात. पेंटर बंधूंनी शंभर वर्षांपूर्वी जी युक्ती ओळखली, तिचाच तो पुढचा उपयोग आहे.

काय उरले, काय गेले

भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकी आज तीसच्या आसपासच शिल्लक आहेत आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांच्या स्वरूपात आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ लांबी सुमारे ३,७०० फूट होती. उपलब्ध आहेत ती पहिले आणि शेवटचे रीळ, मिळून सुमारे १,४७५ फूट. तीही फाळक्यांनी १९१७ साली नव्याने केलेल्या चित्रपटाची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' तर पूर्ण नाहीसा झाला आहे.

नाश होण्याची कारणे अनेक आहेत. खेळ संपले की फितीला किंमत उरत नसे. कृष्णधवल फितीवरचे चित्र धातुरूप चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. त्यामुळे जुनी रिळे भंगारात जात, त्यांतली चांदी काढून घेतली जाई आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या होत. जे भंगारात गेले नाही त्यातले काही जळाले.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर १९६५ पासून तेथे होते आणि १९९१ साली संचालक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली. फाळक्यांच्या नाशिकच्या कुटुंबीयांकडून 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाची रिळे त्यांनी मिळवली आणि फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे त्यांचा क्रम लावला. आज फाळक्यांचा जवळजवळ संपूर्ण पाहता येतो असा हाच चित्रपट आहे. एका माणसाने वेळेवर दार ठोठावले नसते तर तोही राहिला नसता. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या साठवणीला आग लागली आणि सहाशेच्या आसपास चित्रपटांची पाच हजारांवर रिळे नष्ट झाली. सुरक्षित वाटणारी जागासुद्धा कायमची सुरक्षित नसते, हा तिचा धडा.

फीत मरते कशी

सुरुवातीच्या फिती सेल्युलोज नायट्रेटच्या होत्या. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा भाऊबंद. जळताना तो स्वतःच ऑक्सिजन पुरवतो, म्हणून पाण्याखालीही तो विझत नाही. १९५० च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. त्याची जागा सेल्युलोज ॲसिटेटने घेतली. ही पट्टी सहज पेट घेत नाही, म्हणून तिला 'सेफ्टी फिल्म' म्हणत. घरगुती वापराच्या फिती पहिल्यापासून याच प्रकारच्या होत्या.

पण ॲसिटेटचाही एक रोग निघाला. हवेतल्या बाष्पाशी प्रक्रिया होऊन पट्टीतून ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपले व्हिनेगर, बाहेर पडू लागते. हे आम्लच पुढच्या प्रक्रियेला उत्प्रेरक ठरते. जितके आम्ल जास्त, तितके विघटन वेगाने, आणि जितके विघटन जास्त, तितके आम्ल जास्त. डबा घट्ट बंद असेल तर आम्ल आतच कोंडते. पट्टी आकसते, लाटेसारखी वळते, ठिसूळ होते आणि शेवटी चित्राचा थर सुटतो.

येथे आपल्याशी संबंधित एक माहिती सांगण्यासारखी आहे. नवी ट्रायॲसिटेट पट्टी १९४८ साली वापरात आली. दहा वर्षांच्या आत ईस्टमन कोडॅक कंपनीकडे तिच्या विघटनाची पहिली तक्रार पोहोचली आणि ती भारत सरकारकडून आली होती. उष्ण, दमट जागेत ठेवलेल्या आपल्या फितींनी हा रोग जगाला प्रथम दाखवला. अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने नंतर केलेल्या अभ्यासानुसार २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना ताजी ॲसिटेट फीत या घसरणीला लागायला सुमारे ४० वर्षे घेते. तापमान वाढले की हा काळ झपाट्याने कमी होतो.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या घराचा माळा डोळ्यांसमोर आणा. वर टिनाचे छप्पर, मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे, मग जून-जुलैत एकदम ओल. लोखंडी पेटीत कपड्यांखाली फितीचा डबा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही आम्ल बनवण्याची भट्टीच झाली. १९६५ ते १९८० च्या दरम्यान घेतलेली फीत अशा जागी असेल तर तिची मुदत आजवर संपून गेलेली असण्याचाच संभव अधिक.

कुणाच्या फिती?

आपल्या भागात अशा फिती असतील तरी का, असे कुणी विचारील. कोडॅकने १६ मिलिमीटरची फीत १९२३ साली, ८ मिलिमीटरची १९३२ साली आणि सुपर ८ ही फीत १९६५ साली बाजारात आणली. कॅमेरा महाग होता. तरीही डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी, मिशन दवाखाने, महाविद्यालये यांच्याकडे तो असू शके. लग्न, बारसे, स्नेहसंमेलन, पुढाऱ्याचा दौरा असे विषय असत. शाळा-महाविद्यालयांत १६ मिलिमीटरचे प्रोजेक्टर होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट गावोगाव दाखवले जात. जत्रेत तंबूच्या टुरिंग टॉकीज येत.

या फितींत कलाकृती शोधायची नाही. पार्श्वभूमीत काय आहे ते पाहायचे. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या अरुंद रुळांच्या 'शकुंतला' गाडीला १५ एप्रिल १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. नंतर डिझेलचे आले आणि आता त्या मार्गावर गाडी धावत नाही. वऱ्हाडातून कुणी सहज म्हणून घेतलेली ते इंजिन धूर सोडत निघाल्याची अर्ध्या मिनिटाची चित्रे आज इतिहासाचे साधन ठरतील. कापसाच्या गाड्यांनी भरलेला बाजार, १९७२ च्या दुष्काळातली कामे, पाणवठे, झाडांची दाटी, अंगावरचे कपडे या गोष्टी कुणी मुद्दाम नोंदवल्या नाहीत. त्या अशा फितींत न कळत नोंदवल्या गेल्या असतात. पुण्या-मुंबईच्या संस्थांचा भर साहजिकच चित्रपटांवर असतो. पुसद किंवा वणीच्या घरातला डबा शोधायला तेथून कुणी येणार नाही. ते काम जवळच्या माणसाचे आहे.

थोडा हिशोब

साध्या ८ मिलिमीटर फितीवर एका फुटात ८० चौकटी असतात. ५० फुटांच्या छोट्या रिळात ५० × ८० = ४,००० चौकटी. सेकंदाला १६ चौकटी या गतीने ते रीळ २५० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे १० सेकंद चालते. एवढ्याशा वेळासाठी माणसे कॅमेरा घेऊन उभी राहत, म्हणून काय टिपायचे हे विचारपूर्वक ठरवत.

आता प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो घ्यायचा, एका चौकटीला २ सेकंद धरायचे. एकूण ८,००० सेकंद, म्हणजे सुमारे सव्वादोन तास. एका फोटोची फाइल ३ मेगाबाइटची असेल तर सगळी मिळून १२,००० मेगाबाइट, म्हणजे सुमारे १२ गिगाबाइट. पंधरा वर्षांपूर्वी हे आकडे डोईजड वाटले असते. आज खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये ते मावतात. हा हिशोब सातवी-आठवीच्या मुलांना जरूर करायला द्यावा.

घरगुती स्कॅनर चालतो कसा

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे भिंतीवर फीत दाखवायची आणि मोबाइलने टिपायची. त्यात दोन अडचणी आहेत. प्रोजेक्टरची झडप सेकंदाला अनेक वेळा उजेड अडवते. तिचा मेळ मोबाइलच्या गतीशी बसत नाही, म्हणून चित्र लुकलुकते. दुसरे, जुनी ठिसूळ फीत प्रोजेक्टरच्या ओढीने फाटण्याची भीती असते.

म्हणून चौकटीगणिक फोटो घेण्याची पद्धत आली. जुन्या प्रोजेक्टरमधला तापणारा दिवा काढून टाकतात, कारण त्याच्यासमोर चौकट थांबली तर ती करपते. त्या जागी पांढरा एलईडी आणि उजेड सारखा पसरवण्यासाठी दुधी प्लास्टिकचा तुकडा बसवतात. मोटर बदलून अगदी संथ फिरणारी घालतात. फिरत्या दांड्यावर लहानसे चुंबक आणि शेजारी चुंबक ओळखणारा संवेदक लावतात. दांड्याचा एक फेरा पूर्ण झाला, म्हणजे एक चौकट पुढे सरकली, की संवेदकाकडून संदेश जातो आणि कॅमेरा फोटो घेतो. शेवटी संगणक सगळे फोटो क्रमाने जोडून चित्रफीत बनवतो.

कॅमेरा आणि संगणक यांच्या किमती उतरल्या म्हणून हे शक्य झाले. तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक २०१२ साली आला आणि त्याला जोडता येणारा १२.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०२० साली आला. याच सुमारास त्रिमितीय छपाईची यंत्रेही सामान्यांच्या आवाक्यात आली आणि लहान चाके, खाचा, पकडी घरी बनवता येऊ लागल्या. अमेरिकेतल्या मॅथ्यू एप्लर यांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर आधारलेला 'किनोग्राफ' हा स्कॅनर बनवला आणि २०१३ च्या सुमारास त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. जॉर्डनमध्ये पडून असलेली रिळे पाहून त्यांना ही गरज जाणवली होती. व्यावसायिक यंत्राची किंमत अनेक लाखांत जाते. घरगुती मांडणीचे साहित्य साध्या लॅपटॉपच्या किमतीत बसू शकते.

आकसलेल्या फितीची अडचण मात्र वेगळी आहे. १६ मिलिमीटर फितीवर दोन छिद्रांमधले अंतर ७.६२ मिलिमीटर असते. फीत १ टक्का आकसली तर हे अंतर सुमारे ०.०८ मिलिमीटरने कमी होते. दिसायला क्षुल्लक. पण फीत दातेरी चाकावर आठ छिद्रांपर्यंत बसत असेल तर चूक साठत जाते आणि सुमारे ०.६ मिलिमीटर होते. छिद्राची उंचीच १.२७ मिलिमीटर! मग दात छिद्रात न बसता फीत फाडतो. यावर उपाय म्हणून नव्या स्कॅनरमध्ये दाते ठेवत नाहीत. गुळगुळीत रबरी रूळ फीत हळूच ओढतात आणि चौकट नेमकी कुठे आहे हे संगणक फोटोतले छिद्र पाहून ठरवतो. जे काम लोखंडी दात करत होता ते आता गणित करते.

प्रत झाली म्हणजे काम संपले का?

येथे एक धोका आहे आणि तो अशा कामात वारंवार दिसतो. फीत संगणकात आली की मूळ डबा टाकून दिला जातो. असे कधीही करू नये. हार्ड डिस्क काही वर्षांत बिघडते, फाइलींचे प्रकार बदलतात. डिजिटल प्रत टिकवायची तर ती दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवावी लागते आणि किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते. चांगली ठेवलेली फीत मात्र साध्या भिंगाखालीही दिसते. उद्या अधिक चांगला स्कॅनर आला तर पुन्हा मूळ फितीकडेच जावे लागेल. स्कॅन ही पाहण्याची सोय आहे आणि विम्यासारखा आधार आहे. मूळ वस्तूची जागा ती घेत नाही.

राष्ट्रीय पातळीवरही हे काम चालू आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून पुण्याच्या संग्रहातील फितींची तपासणी, डिजिटायझेशन आणि पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले. २०२२ साली संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१५ पासून जतनाचे प्रशिक्षण देत आहे. मौल्यवान किंवा फार खराब झालेली फीत अशा जाणकारांकडेच सोपवावी.

शाळेत काय करता येईल

पहिले काम शोधाचे. मुलांनी घरी आणि शेजारी विचारावे की जुना सिनेकॅमेरा, प्रोजेक्टर, पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे गोल डबे कुठे आहेत का. डबा सापडला की उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे रोग सुरू झाला आहे. असा डबा इतर डब्यांपासून वेगळा करून थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावा. ३५ मिलिमीटरची फीत १९५० च्या आधीची असेल, चिकट झाली असेल किंवा तिची तपकिरी भुकटी होत असेल तर ती नायट्रेटची समजावी. तिला मुलांनी हात लावू नये, ती स्कॅनरवर घालू नये आणि तुकडा जाळून पाहण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

दुसरे काम नोंदीचे. फीत उजेडासमोर धरून सुती हातमोजे घालून कडेने पकडावी आणि भिंगातून पहिल्या काही चौकटी पाहाव्यात. ती कुणाची, कुठली, अंदाजे कोणत्या वर्षाची, तीत कोण दिसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. चेहरे ओळखणारी माणसे फितीपेक्षा लवकर जातात. नाव नसलेले चित्र पुढच्या पिढीला फारसे काही सांगत नाही.

तिसरे काम स्कॅनरचे. जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा आयटीआयला सोबत घेतले तर एक यंत्र अनेक तालुक्यांना पुरेल. प्रकाशशास्त्र, चुंबकत्व, गियर, आम्ल-अल्कली, बायनरी संख्या असे सारे धडे त्या एका टेबलावर येतात. प्रथम सराव नको असलेल्या फितीवर करावा. विनापरवानगी कुणाचे घरगुती चित्रण सगळ्यांना दाखवू नये. प्रदर्शित चित्रपटांवर आपल्या कायद्यानुसार ६० वर्षे हक्क असतात, हेही ध्यानात ठेवावे.

या तीन कामांपैकी तिसऱ्याला वेळ लागेल, पैसाही लागेल. पहिल्या दोन कामांना एक वही आणि थोडी पायपीट पुरते. आंबट वास सुटलेल्या डब्यांना फार वाट पाहता येणार नाही, तेव्हा ही दोन कामे याच सत्रात सुरू करावीत.